न मागितलेली छायाचित्रे: काउझच्या बीकेन घराण्याचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

शिडाच्या नौकांची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करणे हा व्यवसाय जगात मोजक्या बंदरांवरच रुजला, आणि जिथे रुजला तिथेही बहुधा एका माणसाच्या हयातीपुरताच चालला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आयल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. त्या बेटावरील काउझ या गावातले बीकेन घराणे हा याला ठळक अपवाद आहे. आल्फ्रेड एडवर्ड बीकेन हे औषधविक्रेते १८८८ मध्ये या गावात स्थायिक झाले आणि त्यांनी येथील औषधांचे दुकान चालवायला घेतले. त्यांचा मुलगा फ्रँक (१८८०–१९७०), नातू कीथ (१९१४–२००७) आणि पणतू केनेथ यांनी दुकानासमोरच्या समुद्रात धावणाऱ्या नौकांची छायाचित्रे टिपली. 'बीकेन ऑफ काउझ' हे नाव पुढे या कलेचे मानदंड ठरले, आणि ड्यूक ऑफ एडिनबरा (राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप) यांच्याकडून त्यांना सागरी छायाचित्रकार म्हणून राजमान्यतेची सनदही मिळाली.

या घराण्याविषयी लिहिणारे सहसा चित्रांच्या सौंदर्याकडे वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. माझा रोख मात्र व्यवसायावर आहे. विषय सतत पळता, हवामान बेभरवशाचे, चित्र टिपण्याची काचेची प्लेट महाग, आणि समोरच्या नौकेच्या मालकाने छायाचित्र काढायला सांगितलेले नाही, अशा स्थितीत हा धंदा उभा कसा राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालला कसा, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे. माझे उत्तर असे की, बीकेनांनी आपला व्यवसाय मागणीवर न बांधता न मागितलेल्या छायाचित्रांवर बांधला. तसे करण्याची ऐपत त्यांना गावाने, दुकानाने आणि स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने दिली. हे तिन्ही घटक एकत्र जुळून आले नसते, तर फ्रँक बीकेन हे एक हौशी औषधविक्रेते म्हणूनच राहिले असते.

गावाचे भूगोलाने दिलेले देणे

काउझ हे गाव बेटाच्या उत्तर टोकाला आहे. त्याच्यासमोर, बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधोमध, सोलेंट ही अरुंद सामुद्रधुनी पसरली आहे. रॉयल यॉट स्क्वॉड्रन हा १८१५ मध्ये स्थापन झालेला नौकाविहाराचा क्लब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काउझच्या किनाऱ्यावरील जुन्या किल्ल्यात आहे, आणि काउझ वीक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यती १८२६ पासून येथे भरतात. अमेरिका'ज कप हा नौकाशर्यतींतला नामांकित करंडक ज्या शर्यतीतून जन्माला आला, ती २२ ऑगस्ट १८५१ ची शर्यतदेखील याच बेटाला वळसा घालून झाली होती. शर्यतींची प्रारंभरेषा किल्ल्यासमोरच असल्यामुळे, युरोपातील सर्वांत श्रीमंत नौकामालक ऑगस्टमधले काही दिवस बीकेनांच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर गोळा होत असत. ग्राहक शोधत हिंडण्याची गरज पडली नाही, कारण ग्राहक दरवर्षी ठरल्या वेळी आपणहून येत होता.

याहून सूक्ष्म लाभ उजेडाचा होता, आणि त्याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. काउझचा किनारा उत्तराभिमुख आहे. इंग्लंडच्या अक्षांशावर सूर्य दिवसाचा बहुतेक काळ दक्षिणेकडे असतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ राहून समुद्राकडे कॅमेरा रोखणाऱ्या माणसाच्या पाठीशी जवळजवळ दिवसभर सूर्य राहतो. पळत्या वस्तूसाठी शटर जलद चालवायचे तर भरपूर उजेड हवा, आणि त्या काळातील मंद प्लेटांसाठी तर तो अपरिहार्यच होता. सामुद्रधुनीच्या पलीकडच्या तीरावरून हेच काम करणाऱ्याला दिवसभर सूर्य तोंडावर घ्यावा लागला असता.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. सोलेंटमध्ये ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे वाहते, तर नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की आखूड, उभ्या, त्रासदायक लाटा उठतात. नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुटणारा पांढरा फेस चित्राला जीव आणतो आणि तो याच वेळी मिळतो, पण छायाचित्रकाराची बोटही याच वेळी सर्वांत जास्त हलते. शिवाय, प्रवाह विरुद्ध असेल तेव्हा शर्यतीतल्या नौका त्याचा जोर चुकवण्यासाठी बेटाच्या किनाऱ्याला अगदी खेटून जातात. कोणत्या तासाला कोणती नौका कुठे वळेल, हे ज्याला पाण्याच्या वेळापत्रकावरून सांगता येते, त्याला पाठलाग करावा लागत नाही आणि योग्य जागी आधी जाऊन थांबता येते. पिढीजात स्थानिक माणूस आणि आठवडाभरासाठी लंडनहून आलेला छायाचित्रकार यांच्यातला फरक इथे पडत असे.

औषधांचे दुकान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील औषधविक्रेता आणि छायाचित्रण यांचा संबंध जवळचा होता. डेव्हलपर आणि हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट ही रसायने औषधांच्या दुकानातच मिळत असत, आणि अनेक दुकानदार गिऱ्हाइकांच्या प्लेटा धुऊनही देत. रसायने अचूक तोलणे, मिश्रणे ताजी ठेवणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे, प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद करणे ही शिस्त औषधविक्रेत्याच्या हाडीमाशी असते. प्लेटांचा संग्रह दशकानुदशके सांभाळला जाण्यामागे, माझ्या मते, कलेच्या ओढीइतकाच या सवयीचा हात असावा.

मात्र दुकानाचे खरे योगदान गल्ल्यातले होते. नौकाशर्यतींचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो, आणि हंगामातही वारा पडला किंवा धुके उतरले तर दिवस वाया जातो. केवळ छायाचित्रांवर घर चालवणाऱ्या माणसाला अशा दिवसांची भीती वाटते, आणि भीतीपोटी तो आगाऊ पैसे देणाऱ्याची मागणी आधी स्वीकारतो. बीकेनांकडे खोकल्याचे औषध आणि मलमपट्टी बारा महिने विकली जात होती. म्हणून शर्यतीत उतरलेल्या नौकांपैकी जी नौका त्या क्षणी सुंदर दिसेल ती टिपायची, आणि मालकाने नंतर प्रती मागवल्या तर द्यायच्या, ही रीत त्यांना परवडली. आपल्याकडे कोकणात शेतीच्या जिवावर नाटकमंडळी चालवणारे लोक होऊन गेले, तशातलाच हा प्रकार होता. फरक एवढाच की येथे जोडधंद्याने हळूहळू मूळ धंद्यावर मात केली.

कॅमेरा: अडचण नेमकी कोणती होती

फ्रँक बीकेन यांनी स्वतः घडवून घेतलेल्या कॅमेऱ्याची कथा या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. लाकडी पेटी, एकावर एक बसवलेली दोन भिंगे, वरच्या भिंगातून दृश्य पाहायचे आणि खालच्याने सुमारे ८ इंच बाय ६ इंचांच्या काचेच्या प्लेटवर ते टिपायचे. आणि शटर उडवण्यासाठी दातांत धरलेला रबरी चेंडू चावायचा. ही युक्ती गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक भाग एकेका ठोस अडचणीचे उत्तर होता, आणि म्हणून तिच्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे.

त्या काळातील मोठ्या कॅमेऱ्यांना पुढे-मागे सरकणारा भाता असे. स्टुडिओत तो सोयीचा, पण उघड्या समुद्रावर तो वारा धरतो, थरथरतो आणि खारे पाणी अंगावर घेतो. दूरच्या नौकेसाठी भिंग फारसे सरकवावेही लागत नाही, म्हणून भाता काढून टाकून घट्ट लाकडी पेटी वापरणे शक्य होते. दुसरी अडचण पाहण्याची होती. साध्या प्लेट-कॅमेऱ्यात आधी मागच्या घासलेल्या काचेवर दृश्य पाहून रचना ठरवायची, मग काच दूर करून तिच्या जागी प्लेटची चौकट सरकवायची, आणि एकदा प्लेट बसली की समोर काय चालले आहे ते भिंगातून दिसत नाही. पर्वताचे किंवा पुतळ्याचे चित्र काढणाऱ्याला याने काही बिघडत नाही. नौकेच्या बाबतीत मात्र या अवधीत शीड फडफडते, दुसरी नौका मध्ये येते, लाट निघून जाते. दुसरे भिंग बसवल्याने शटर उडेपर्यंत दृश्य डोळ्यांसमोर राहिले.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी समजली जाणारी आहे. चित्र हलते ते नौकेच्या वेगामुळे, असे नवशिक्यांना वाटते. हिशेब करून पाहू. नौका १० नॉट वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर. शटर एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते उघडले तर तेवढ्या वेळात नौका ५ सेंटिमीटर पुढे सरकते. नौका ५० मीटर अंतरावर असेल आणि भिंगाचे केंद्रांतर ३०० मिलिमीटर धरले, तर ते सरकणे प्लेटवर ०.३ मिलिमीटर उमटते, आणि छायाचित्रकाराची बोट नौकेला समांतर तशाच वेगाने चालली तर ते जवळजवळ नाहीसे होते. आता बोटीचे हेलकावे पाहा. बोट डुलताना कॅमेरा सेकंदाला केवळ १० अंशांच्या गतीने फिरत आहे असे धरले, तरी तेवढ्याच काळात तो एक दशांश अंशाने फिरतो, आणि प्लेटवर प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक घसरते. म्हणजे धावत्या नौकेपेक्षा स्वतःच्या पायाखालची बोट हाच मोठा शत्रू ठरतो. लहान बोट तर यापेक्षा पुष्कळ वेगाने डुलते.

यावर तिपाई निरुपयोगी असते, कारण ती बोटीचे प्रत्येक हेलकावे इमानाने कॅमेऱ्याला पोहोचवते. त्यापेक्षा माणसाचे शरीर चांगले: गुडघे, कंबर आणि खांदे मिळून बरेचसे डुलणे गिळून टाकतात. मात्र त्यासाठी पेटी दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, घट्ट धरलेली असावी लागते. एक हात शटरसाठी सोडला की तोल गेला, आणि बोटाने कळ दाबण्याच्या क्षणी बसणारा हिसका वेगळाच. हवेच्या दाबाने शटर उडवणारा रबरी फुगा त्या काळी स्टुडिओत सर्रास वापरात होता आणि तो हाताने दाबला जाई. तो तोंडात घेतल्याने दोन्ही हात मोकळे राहिले. त्याचा एक परिणाम असाही झाला असणार की, तोंडात चेंडू असताना सुकाणूवरच्या माणसाला 'जरा जवळ घे' असे ओरडून सांगण्याची सोय उरली नाही. त्यामुळे सगळे आधीच ठरलेले असावे लागे.

राहता राहिली प्लेट. प्रत्येक काच जड, नाजूक आणि महाग. एका फेरीत बरोबर नेता येतील अशा प्लेटा मोजक्याच, आणि एक टिपून झाल्यावर दुसरी बसवायला वेळ लागणार. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बोट दाबून ठेवून सेकंदाला दहा-वीस चित्रे घेणाऱ्याला हा निर्बंध जाचक वाटेल, परंतु त्यामुळे निवड शटरच्या आधी होत असे. वाया जाणाऱ्या प्लेटांचे प्रमाण खाली आणल्याशिवाय न मागितलेल्या छायाचित्रांचा धंदा फायद्यात येऊच शकत नव्हता. दोन भिंगे आणि दातांतला चेंडू यांचे आर्थिक मोल त्यात आहे.

प्लेटांचा आणखी एक स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. सुरुवातीच्या प्लेटा प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत, त्यामुळे निळे आकाश चित्रात पांढरेफटक येई आणि पांढरे शीड त्यात विरून जाई. पिवळी काच लावून आकाश गडद करता येते, पण त्याने उजेड कमी होतो आणि शटर मंद करावे लागते, जे हलत्या बोटीवर परवडत नाही. मग उरतात दोन मार्ग: ढगाळ, गडद आकाशाची वाट पाहायची, किंवा शिडाच्या मागून प्रकाश येईल अशी जागा घ्यायची, म्हणजे शीड राखाडी, पारदर्शक दिसते आणि त्यावरचे शिवणीचे पट्टेही उठून येतात. पाठीशी सूर्य असण्याची गावाने दिलेली सोय चांगल्या छायाचित्रकाराने काही वेळा जाणूनबुजून सोडली पाहिजे, असा याचा अर्थ.

बोट कुठे न्यायची

या व्यवसायात कॅमेऱ्याइतकेच कौशल्य बोट हाकण्याचे असते, आणि बीकेनांची ओळख ठरलेले दृश्य याच कौशल्यातून आले. नौका वाऱ्याने एका बाजूला कलते. वारा जिथून येतो त्या बाजूने पाहिले तर नौकेचे वर उचललेले पोट आणि कडेवर रांगेत बसलेले खलाशी दिसतात. वारा जिकडे जातो त्या बाजूने पाहिले तर डेक आपल्याकडे झुकलेला दिसतो, शिडांची फुगीर पाठ पूर्ण दिसते आणि नाळेने कापलेले पाणी थेट अंगावर येते. वाऱ्याखालच्या बाजूने, थोडे पुढून, तिरपे पाहिलेले हे दृश्य सर्वांत भरघोस असते, आणि सर्वांत धोक्याचेही, कारण नौका आपल्याच रोखाने येत असते आणि शंभर टनांहून जड अशी मोठी नौका चटकन वळत नाही.

येथे शिष्टाचाराचा प्रश्न धंद्याचा प्रश्न बनतो. छायाचित्रकाराची बोट वाऱ्याच्या बाजूला फार जवळ आली तर ती शिडांचा वारा बिघडवते, आणि पुढून आडवी गेली तर तिच्या लाटांनी नौकेचा वेग तुटतो. इंजिनाच्या बोटीने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, हा समुद्रावरच्या वाहतुकीचा सर्वसाधारण नियम आहेच, पण शर्यतीत काही सेकंदांनी हरलेला मालक त्या दोषाचे खापर छायाचित्रकारावर फोडतो आणि मग तो प्रती मागवत नाही. काही मीटर अंतरावरून चित्र घेऊनही शर्यतीला धक्का न लावणे हे कसब बीकेनांनी पिढी दर पिढी जपले. फ्रँक यांच्या काळातील छोट्या बोटीपासून पुढच्या मोटर लाँचपर्यंत साधने बदलली. कुठे उभे राहायचे आणि केव्हा बाजूला व्हायचे, हे ज्ञान मात्र जुनेच राहिले.

विक्री, आणि वेळेने बदललेले मोल

पहिला ग्राहक नौकेचा मालक. त्याला आपली नौका पूर्ण शिडांनिशी, झुकलेली, सर्वांत देखणी हवी असते. त्यानंतर खलाशी, शिडे शिवणारे, नौकांचे आराखडे काढणारे, नियतकालिके. विक्री इथेच थांबली असती तर प्लेटांची किंमत हंगामाबरोबर संपली असती.

'ब्रिटानिया' या नौकेचे उदाहरण घ्यावे. जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यांनी रेखाटलेली ही नौका १८९३ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, बांधली गेली आणि नंतर पाचव्या जॉर्जकडे आली. चार दशकांच्या कारकिर्दीत तिने दोनशेहून अधिक शर्यती जिंकल्या. राजाच्या मृत्यूनंतर १० जुलै १९३६ रोजी आयल ऑफ वाइटच्या दक्षिणेस तिला समुद्रात बुडवण्यात आले. त्या दिवसापासून तिची छायाचित्रे ही तिच्या अस्तित्वाची मुख्य साक्ष ठरली. त्याच काळातील जे-क्लास, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या अतिशय मोठ्या, नौकांपैकी 'शॅमरॉक फाइव्ह' (१९३०), 'व्हेलशेडा' (१९३३) आणि 'एंडेव्हर' (१९३४) एवढ्याच मूळ नौका उरल्या. 'एंडेव्हर' तर मोडकळीस आलेल्या अवस्थेतून पुन्हा उभी करण्यात येऊन १९८९ मध्ये समुद्रात फिरू लागली. अशा पुनर्बांधणीत डेकवरील मांडणी, दोरांची रचना आणि शिडांची ठेवण ठरवताना जुन्या छायाचित्रांचा आधार घ्यावा लागतो, आणि मोठ्या काचेच्या प्लेटवरचा तपशील येथे कामी येतो.

टायटॅनिकची गोष्ट याहून टोकाची आहे. साउदॅम्प्टनहून निघालेल्या मोठ्या जहाजांना सोलेंटमधील उथळ वाळूचा बांध टाळण्यासाठी काउझच्या समोरच, वेग कमी ठेवून, मोठे वळण घ्यावे लागते. १० एप्रिल १९१२ रोजी दुपारी टायटॅनिक साउदॅम्प्टनहून निघाली. 'न्यू यॉर्क' या जहाजाशी टक्कर होता होता वाचल्याने ती सुमारे तासभर उशिराने पुढे सरकली आणि याच पाण्यातून फ्रान्समधील शेरबूरकडे गेली. फ्रँक बीकेन यांनी तिला टिपले. त्या दिवशी ते एका नव्या, मोठ्या, पण इतर जहाजांसारख्याच एका जहाजाचे चित्र होते. १५ एप्रिलच्या पहाटे जहाज बुडाले आणि त्या प्लेटचे मोल पूर्ण पालटले. कोणत्या प्लेटचे मोल असे बदलेल हे कोणालाच आधी कळत नाही, म्हणून सगळ्याच प्लेटा जपाव्या लागतात.

जपलेली प्लेट आपली असणे मात्र आवश्यक आहे. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. ब्रिटनमधील १८६२ च्या कायद्यात आणि १९११ च्या कॉपीराइट कायद्यातही तत्त्व असे होते की, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्याचा हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. ही तरतूद १९८८ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकली. म्हणजे राजाने किंवा उद्योगपतीने आगाऊ सांगून काढवून घेतलेले चित्र वेगळा करार नसेल तर त्याचे. स्वतःच्या जबाबदारीवर, कोणी न सांगता काढलेले चित्र मात्र छायाचित्रकाराचे. न मागितलेल्या छायाचित्रात विक्रीची खात्री नव्हती, पण त्या अनिश्चिततेची किंमत म्हणून मालकी मिळत होती. बीकेनांनी हा कायदा पुढ्यात ठेवून धोरण आखले असे म्हणण्यास आधार नाही. त्यांच्या रीतीचा परिणाम मात्र तसा झाला, आणि संग्रह हेच भांडवल बनले.

न्यूयॉर्कचे दुसरे उत्तर

तुलनेसाठी मॉरिस रोझेनफेल्ड (१८८५–१९६८) यांचा विचार उपयुक्त आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी, विशेषतः स्टॅनली (१९१३–२००२) यांनी, 'फोटो' याच नावाच्या एकामागून एक बोटींतून अमेरिका'ज कपसह असंख्य शर्यती टिपल्या. त्यांच्याकडे औषधांचे दुकान नव्हते. औद्योगिक आणि जाहिरातींच्या छायाचित्रणाची कामे त्यांचा पाया होती आणि समुद्रावरचा खर्च त्यातून भागे. हा मार्ग अधिक दगदगीचा, कारण दोन्ही कामांना तोच कॅमेरा आणि तोच माणूस लागतो. दुकानात मात्र आपल्यामागे मदतनीस बसू शकतो. १९८४ मध्ये त्यांचा सुमारे दहा लाख प्रतिमांचा संग्रह कनेटिकटमधील मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाने घेतला. एकाने संग्रह घराण्यात चालवला, दुसऱ्याने संस्थेकडे सोपवला. पण दोघांकडेही सोपवण्याजोगे काही उरले, ते मालकी हातची न गेल्यामुळेच.

आजची स्थिती आणि मुंबईचे पाणी

आज मोठ्या शर्यतींचे आयोजक स्वतःच छायाचित्रकार नेमतात, त्याला दिवसाचे मानधन देतात आणि चित्रे वृत्तपत्रांना विनामूल्य वाटतात. ड्रोन आणि खलाशांच्या शिरावरील लहान कॅमेरे यांनी उरलीसुरली जागा व्यापली आहे. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगली चित्रे फुकट उपलब्ध असतील, तर न मागितलेले चित्र विकत घेण्यास मालकाला फारसे कारण उरत नाही. बीकेनांची रीत जशीच्या तशी आज चालणार नाही, याबद्दल मला शंका वाटत नाही.

तरीही मुंबईच्या पाण्यावर काम करू इच्छिणाऱ्याला या प्रकरणातील विश्लेषण वापरता येते. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे आणि सीबर्ड जातीच्या लहान शिडांच्या नौका येथे अनेक वर्षे शर्यतीत उतरत आल्या आहेत. पावसाळ्याचे महिने सोडावे लागतात. उजेडाची मांडणी काउझच्या उलट नसली तरी वेगळी आहे: बंदर शहराच्या पूर्वेस असल्याने अपोलो बंदरावरून पाण्याकडे पाहताना सकाळी सूर्य तोंडावर येतो आणि दुपारनंतर पाठीशी जातो. मोसमात दुपारनंतरचा खारा वारा पश्चिमेकडून, शहराच्या इमारतींवरून येतो, त्यामुळे किनाऱ्यालगत तो तुटक असतो आणि शिडे नीट फुगलेली हवी असतील तर बंदराच्या मध्याकडे जावे लागते. पाणी गढूळ, हिवाळ्यात धुरकट हवा, आणि शेजारीच नौदलाचा तळ, त्यामुळे ड्रोनचा विचार परवानगीवाचून करता येत नाही. ग्राहकवर्ग काउझच्या मानाने फारच लहान आहे. म्हणून दुकानाच्या गल्ल्याची जागा येथे कशाने तरी भरावीच लागेल, मग ते लग्नाचे काम असो, बंदरांचे औद्योगिक काम असो वा नोकरी.

हक्कांच्या बाबतीत तर भारतीय छायाचित्रकार आजही फ्रँक बीकेन यांच्याच काळात उभा आहे. ब्रिटनने १९८८ मध्ये टाकून दिलेले तत्त्व आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमात कायम आहे: मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, सांगणारा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे हा हक्क कोणाकडे जातो याचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. म्हणून मानधनावर शर्यत टिपताना हक्क आपल्याकडे राहील आणि आयोजकाला ठरावीक वापराची परवानगी मिळेल, असे कामाआधी लेखी ठरवावे लागते. हक्क हस्तांतरित करायचेच असतील तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण ते न लिहिल्यास १९व्या कलमानुसार मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत असे मानले जाते.

त्यातही एक गुंता राहतो. एका नौकामालकाने आपल्या नौकेसाठी दिवसभराचे पैसे दिले आणि त्याच फेरीत, त्याच मेमरी कार्डवर, इतर पंधरा नौकाही टिपल्या गेल्या, तर ती पंधरा नौकांची चित्रे कोणाच्या सांगण्यावरून काढली गेली, असा वाद उभा राहू शकतो. करारात नेमलेल्या नौकेचा शीड-क्रमांक लिहून 'या क्रमांकाव्यतिरिक्तची सर्व छायाचित्रे छायाचित्रकाराची' असे एक वाक्य घातले, आणि प्रत्येक चित्राच्या नोंदीत शीड-क्रमांक, तारीख व वेळ ठेवली, की तो वाद उद्भवण्याचे कारण उरत नाही.